पाळी, पिशवी आणि पोटाचा घेर

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणावरून)



आज चिटणीसबाईंनी मला जरा अवघड विषय दिला आहे. अवघड अशासाठी की, हा विषय आपण एकमेकींच्या कानात बोलतो, सभेत बोलत नाही. चाळिशी उलटली की पोट का सुटते, आणि पाळीचा त्याच्याशी काय संबंध, हा तो विषय होय. “बाई, खाणे तेच, काम तेच, मग लुगडे कमी का पडू लागले?” असा प्रश्न कितीतरी जणी विचारतात. त्याचे उत्तर आपण शोधू.

गर्भपिशवीच्या दोन्ही बाजूंस बदामाएवढे दोन बीजकोश असतात. त्यांतून एक स्राव थेट रक्तात मिसळतो. त्याचे नाव इस्ट्रोजेन. 1929 साली अमेरिकेत एडवर्ड डॉइझी आणि जर्मनीत अडॉल्फ बुटेनांट या शास्त्रज्ञांनी तो गरोदर स्त्रियांच्या लघवीतून प्रथम वेगळा काढला. मुलगी वयात येते, पाळी सुरू होते, ते याच्याच योगाने. परंतु त्याचे काम तेवढ्यावर संपत नाही. हाडांतला चुना टिकवणे, रक्तवाहिन्या लवचीक ठेवणे, झोप आणि मन यांची घडी नीट राखणे, आणि शरीरातील चरबी कोठे साठवावी हे ठरवणे, ही सारी कामे तो मुकाट्याने करीत असतो. घरातल्या कर्त्या बाईसारखेच हे. ती असेपर्यंत तिच्या कामाची मोजदाद कोणी ठेवीत नाही.

तरुणपणी इस्ट्रोजेन चरबी मांड्यांवर आणि नितंबांवर साठवतो. बाळंतपणासाठी आणि अंगावर पाजण्यासाठी केलेली ती बेगमी असते. आपल्याकडील स्त्रियांची पाळी साधारणपणे 46-47 व्या वर्षी थांबते. पाश्चात्त्य स्त्रियांची सरासरी 51 च्या आसपास आहे. त्याआधीची काही वर्षे इस्ट्रोजेन वरखाली होतो आणि मग कायमचा उतरतो. तेव्हापासून चरबी पोटावर, आतड्यांभोवती व यकृतात साठू लागते. मांडीवरची चरबी फारसा उपद्रव देत नाही. पोटातली मात्र साखरेचा विकार, रक्तदाब आणि हृदयविकार यांना आवतण देते.

तरीसुद्धा सगळा दोष इस्ट्रोजेनला देणे न्यायाचे होणार नाही. वयाबरोबर स्नायू झिजतात आणि शरीराचा खर्च कमी होतो. जमा तीच आणि खर्च कमी, मग शिल्लक वाढणारच. वजन वाढते ते मुख्यतः वयामुळे. ते पोटावर जाऊन बसते ते इस्ट्रोजेन ओसरल्यामुळे.

येथे सडपातळ भगिनी म्हणतील, “हे आमच्यासाठी नाही.” त्यांना मी पुण्याचे उदाहरण सांगते. तेथील के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील माता व बालके यांचा अभ्यास चालवला. तेथील नवजात बाळे सरासरी सुमारे 2.7 किलोची, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची 3.5 किलोची. पण आपल्या बाळांत उणीव होती ती मांसाची; चरबी त्या मानाने पुष्कळ होती. दिसायला बारीक आणि आतून चरबीयुक्त, असा आपला पिंड आहे. म्हणून काट्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. शिवणाची टेप घ्या, श्वास सोडा, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध घेर मोजा. तो 80 सेंटिमीटर, म्हणजे सुमारे साडेएकतीस इंचांपलीकडे गेला, तर साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा.

आणखी एक गोष्ट. पाळी गेल्यावर बीजकोश थांबले तरी चरबी स्वतः थोडा इस्ट्रोजेन बनवते. हे ऐकून काहींना बरे वाटेल. परंतु चरबी फार असली तर हाच इस्ट्रोजेन गर्भपिशवीच्या अस्तराला आणि स्तनांना सतत डिवचत राहतो, आणि तेथे कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर अंगावरून रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी “उष्णता झाली असेल” म्हणून घरी बसू नये. त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे.

आता ज्यासाठी मी मुख्यतः उभी आहे ते सांगते. “मुले झाली, आता पिशवीचे काय काम? काढून टाका एकदाची!” हे वाक्य आपण सर्रास ऐकतो. 2019 साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची सरकारी पाहणी झाली, आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तो प्रश्न तपासला. पाहणी केलेल्या 82,309 स्त्रियांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यांत तरुण स्त्रियाही होत्या. पाळीच्या दिवसांत काम बुडते, मजुरी बुडते, या पेचातून कित्येकींनी तो मार्ग धरला. त्या भगिनींना मी बोल लावीत नाही. मात्र पिशवीबरोबर बीजकोशही काढले, तर जो इस्ट्रोजेन हळूहळू ओसरायचा तो एका दिवसात संपतो. तिशी-पस्तिशीच्या बाईवर ऋतुनिवृत्ती एकदम कोसळते. हाडे ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. बीजकोश ठेवले तरी ते काहीसे लवकर थकू शकतात.

गाठ मोठी असली, रक्तस्राव औषधाने थांबत नसला, कर्करोग असला, तर शस्त्रक्रिया अवश्य करावी. तेव्हा भिऊन टाळणे हेही अज्ञानच. पण तीन प्रश्न विचारल्यावाचून सही करू नये : नेमका आजार कोणता? औषधाने जमणार नाही काय? बीजकोश ठेवणार की काढणार? आणि दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. त्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान होत नाही.

इस्ट्रोजेनच्या गोळ्यांविषयीही विचारणा होते. 2002 साली अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन एकत्र देण्याचा भाग धोके दिसल्यामुळे थांबवण्यात आला, आणि जगभर घबराट झाली. पुढील विचाराअंती असे ठरले की, साठीच्या आत अंगाची काहिली फारच असह्य होत असल्यास, तपासणी करून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्या घेता येतात. पोट उतरवण्यासाठी मात्र त्या नव्हेत. मैत्रिणीची चिठ्ठी दाखवून आणण्यासाठी तर मुळीच नव्हेत.

मग करावे काय? मेहरूणच्या तलावाचा काठ आपल्या दाराशी आहे. आठवड्यात 150 मिनिटे झपझप चालावे. खानदेशच्या उन्हाळ्यात सूर्य वर येण्याच्या आतच. आठवड्यातून दोनदा स्नायूंना ताण देणारा व्यायाम करावा : खुर्चीवरून हाताचा आधार न घेता दहा वेळा उठावे-बसावे, दोन्ही हातांत पाण्याच्या भरल्या बाटल्या घेऊन त्या उचलाव्यात. ताटात कळण्याची भाकरी, डाळ, ताक, तीळ आणि पालेभाजी असावी. भरीत जरूर करावे, तेलाची धार तेवढी आखडती घ्यावी. आणि सर्वांच्या मागून उरलेसुरले संपवण्याची आपली जी रीत आहे, ती सोडावी. उरलेले अन्न वाया जाऊ नये म्हणून ते आपल्या पोटात टाकल्याने घराची बचत होत नाही.

भगिनींनो, मंडळाच्या कपाटात एक टेप आणि एक वही ठेवावी, आणि दर सहा महिन्यांनी प्रत्येकीने आपला घेर आपल्या हाताने लिहावा, अशी माझी सूचना आहे. ती अध्यक्षबाईंनी मान्य केली, तर पहिली नोंद माझी असेल.