कॉम्प्युटर घ्यायचा, पण सोबत काय?

(वाशीम येथे हितचिंतकांच्या सभेत केलेले भाषण)



आपल्यापैकी बरेच जण वसतिगृहातल्या मुलांना मायेने विचारतात, "बारावीनंतर काय घेणार?" आणि मूल तोंड उघडायच्या आत आपणच सांगून टाकतो, "कॉम्प्युटर घे." सल्ला वाईट नाही, पण आता तो अपुरा आहे.

पूर्वी बी.एस्सी.ला तीन विषय बरोबरीने शिकावे लागत. नव्या शैक्षणिक धोरणामुळे २०२४-२५ पासून आपल्याकडच्या संलग्न महाविद्यालयांत एक मेजर आणि एक मायनर अशी रचना आली. निम्मे श्रेयांक मेजरचे, मायनरचे १८ ते २०. थिअरीचा एक श्रेयांक म्हणजे १५ तास. म्हणजे मायनर विषयाजवळ मूल निदान दोनशे सत्तर तास बसते. एवढा वेळ मैत्रिणीने जे घेतले तेच घेण्यात घालवायचा का?

मानोरा तालुक्यातली एक मुलगी आपल्याकडे राहते. आंध समाजाची, घरी सोयाबीन-तुरीची कोरडवाहू शेती. मेजर संगणकशास्त्र, हे तिचे ठरलेले. मी तिला सांख्यिकी सुचवत होतो. आकड्यांतून अर्थ काढणारा माणूस बँकेपासून दवाखान्यापर्यंत सगळ्यांना लागतो. मग सहज विचारले, "बाई, कॉम्प्युटरला तुला नेमके काय विचारायचे आहे?" ती म्हणाली, "सर, आमच्याकडच्या विहिरी मार्चमध्येच का आटतात?"

हा प्रश्न भूगोलाचा आहे. उपग्रहाची छायाचित्रे, उतार, माती, नाले हे सगळे एका नकाशावर आणून पाहणे हे आज संगणकाचेच काम आहे. नागपूरचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र तेच करते. मायनर दुसऱ्या शाखेतून घेण्याची मुभाही नियमात आहे. अडचण असते वेळापत्रकाची, आणि तो विषय शिकवणारे शिक्षक त्या महाविद्यालयात आहेत की नाहीत याची. हे प्रवेशाआधी जाऊन विचारावे लागते. माहितीपत्रकावर भरवसा ठेवू नये.

तिच्या बाबांनी मात्र रोकडा सवाल केला: "भूगोलावर नोकरी लागते का?" मी म्हणालो, "दादा, नुसत्या भूगोलावर कठीण आहे, नुसत्या कॉम्प्युटरवरही आता कठीणच. दोन्ही येणारी मुले कमी आहेत." हमी मी दिली नाही. देऊही नये.

पालकांसाठी आणखी दोन-तीन गोष्टी. बी.सी.ए.साठी २०२४ पासून राज्याची सीईटी सुरू झाली आहे. अर्जाची तारीख बारावीच्या अभ्यासाच्या गडबडीत निघून जाते. जात वैधतेचा प्रस्ताव अकरावी-बारावीतच दाखल करा, निकालानंतर धावाधाव नको. आणि एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडता येते, हे मुलांना जरूर सांगा, पण घाईने नव्हे. आपल्या मुलांच्या घरची निकड इतकी असते की उघडे दार दिसले की पाय तिकडेच वळतात.

त्या मुलीने भूगोलच लिहिला आहे. आता तिला लॅपटॉप हवा. नकाशाचे काम मोबाइलवर होत नाही. कुणाकडे वापरात नसलेला, पण चालू स्थितीतला असेल, तर सभा संपल्यावर मला भेटा.