मका, मोह आणि नाकाची पारख

श्रोतेहो, मी दारू पीत नाही, हे आधीच सांगून टाकतो. धर्माची मनाई आहे, घरात रीत नाही आणि पन्नाशी उलटल्यावर नवा नाद लावून घ्यायची हौसही नाही. तरी आज बोलणार आहे ते बर्बन नावाच्या अमेरिकन दारूवर आणि तिच्या निमित्ताने आपल्या सातपुड्यातल्या मोहावर. कवीला याचा संकोच नसावा. उर्दूत मद्यावरच्या कवितेची मोठी परंपरा आहे. त्यातले एक मानाचे नाव म्हणजे रियाज खैराबादी. त्यांनी आयुष्यात थेंबही चाखला नाही, असे सांगतात. मराठीत फारसीचे प्राध्यापक माधव ज्युलियन यांनी उमर खय्यामच्या रुबाया आणल्या आणि साकी-प्याला आपल्याही कवितेत येऊन बसले. आम्ही कवी मंडळी न पिता पुष्कळ बोललो आहोत. आज थोडे कविता सोडून बोलू.

बर्बन म्हटले की आपल्याकडे आधी चॉकलेटचे बिस्किट आठवते. बिस्किट काय, दारू काय, दोन्ही नावांचे मूळ फ्रान्सच्या बर्बन राजघराण्यापाशी जाते. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने बर्बनवरचे आयातशुल्क दीडशे टक्क्यांवरून शंभर टक्क्यांवर आणले, तेव्हा हे नाव मराठी वर्तमानपत्रांतही झळकले. त्याआधीच ते आमच्या भागात पोहोचले होते. जळगाव-धुळ्याची मुले पुण्याला, बंगळुरूला, पुढे अमेरिकेला जातात. अशाच एका परिचिताचा मुलगा सुटीत घरी आला होता. त्यालाही या प्रकाराची ओळख नवीच. त्याने तीन लहान बाटल्या मांडल्या आणि म्हणाला, "काका, तुम्हाला अत्तराची पारख आहे. प्यायचे नाही तर नका पिऊ, नुसता वास घेऊन फरक सांगा."

अत्तराची पारख म्हणजे फार मोठी विद्या नव्हे. धुळ्याच्या बाजारात लहानपणापासून अत्तरवाल्याकडे बसलो आहे. त्याचा नियम असा, की एका वेळी दोनच फाये हुंगायचे. तिसरा आला की नाक गोंधळते. मध्ये थोडे थांबायचे, आपल्याच सदऱ्याच्या बाहीचा वास घ्यायचा, मग पुन्हा हुंगायचे. त्या मुलाने वाचून काढलेली रीत अगदी हीच निघाली. पेले सारखे हवेत. ओतायचे ते चमचा-दोन चमचे. आधी नाक, मग जीभ. मध्ये साधे पाणी आणि पावाचा तुकडा. नंतर दोन-चार थेंब पाणी घालून पुन्हा वास घ्यायचा, कारण पाण्याने दबलेले वास वर येतात. नवख्या माणसाने "कोणती चांगली" असे विचारू नये. "ही तिच्यापेक्षा कशात वेगळी" असे विचारावे. मला वाटते, हा नियम कवितेच्या वाचकालाही लागू आहे.

वास घेण्याआधी मी त्याला विचारले, ही होते कशाची? उत्तर ऐकून गंमत वाटली. मक्याची! आपल्या जळगाव-धुळ्याच्या बाजार समित्यांत दिवाळीच्या सुमारास ज्याचे पिवळे ढीग लागतात, तोच मका. आपला मका कोंबड्यांच्या खाद्याला जातो, दोंडाईच्याच्या स्टार्चच्या कारखान्यात जातो, हल्ली इथेनॉलला जातो. अमेरिकेच्या केंटकी राज्यात त्याचे बर्बन होते. तिथल्या कायद्याप्रमाणे धान्यात किमान ५१ टक्के मका हवा. बाकीत सातूसारखे मोड आणलेले बार्ली आणि गहू किंवा राय. ही राय म्हणजे आपली मोहरी नव्हे, ते थंड मुलखातले एक धान्य आहे. ऊर्ध्वपातन करून निघालेल्या दारूत अल्कोहोल ८० टक्क्यांहून जास्त नको. पिंपात भरताना ६२.५ टक्क्यांहून जास्त नको. बाटलीत ४० टक्क्यांहून कमी नको. पिंप ओकच्या लाकडाचे, कोरे आणि आतून जाळलेले. रंग नाही, बाहेरचा स्वाद नाही. 'स्ट्रेट' म्हणवून घ्यायचे तर किमान दोन वर्षे पिंपात मुरलेली हवी. १९६४ साली अमेरिकन काँग्रेसने ठराव करून बर्बन हे आपल्या देशाचेच खास उत्पादन म्हणून जाहीर केले.

आता नाकाचा निकाल सांगतो. पहिली बाटली मेकर्स मार्क. हिच्यात रायऐवजी गहू असतो. वास मऊ, पाकात सोडलेल्या गुलाबजामासारखा, थोडा व्हॅनिलाचा. दुसरी बुलिट, हिच्यात रायचे प्रमाण जास्त. इथे तोच गोडवा, पण मागून मिरी आणि लवंगेचा ठसका. तिसरी जॅक डॅनियल्स. ही टेनेसीची. तिथे कोरी दारू आधी मेपल लाकडाच्या कोळशातून हळूहळू गाळतात, मगच पिंपात भरतात. हिचा वास मला पिकल्या केळ्याजवळ जाणारा वाटला. जळगावच्या माणसाला केळे कुठेही सापडते, असे म्हणून तो मुलगा हसला. पण हे अनेकांना वाटते, असेही त्याने मग कबूल केले.

हे वास येतात कुठून? व्हॅनिलाचा वास मुख्यतः लाकडातून येतो. ओक जाळला की त्यातले द्रव्य फुटून व्हॅनिलासारखे होते, लाकडातली साखर करपून कॅरॅमल होते. उन्हाळ्यात दारू लाकडात शिरते, हिवाळ्यात बाहेर येते, येताना रंग आणि वास घेऊन येते. मागच्या घाण्याचा थोडा आंबवलेला भाग पुढच्या घाण्यात घालतात. घरोघरी आपण दह्याला विरजण ठेवतो तसेच. म्हणजे धान्य, विरजण, भांडे, आग आणि वेळ. यांत गूढ काही नाही. ऊर्ध्वपातनाची भाषाही आमच्या ओळखीची निघाली. अल्कोहोल हा शब्द अरबीतल्या 'अल्-कुह्ल'वरून, म्हणजे सुरम्यावरून आला. अर्क म्हणजे अरबीत घाम. भट्टीच्या भांड्यावर वाफेचा घाम धरतो, तोच थेंब थेंब गोळा करायचा. कनौजला गुलाबाचे आणि खसाचे अत्तर याच रीतीने काढतात.

आणि याच रीतीने आपल्या सातपुड्यात मोहाची निघते. म्हणून मी त्या मुलाला विचारले, "तीन बर्बनमधला फरक तू शिकलास. मोहाच्या तीन प्रकारांतला फरक सांगशील?" तो म्हणाला, "काका, मोहाची म्हणजे मोहाची. तिच्यात कसला आलाय फरक?"

श्रोतेहो, माझे आजचे बोलणे खरे या उत्तरावर आहे.

फाल्गुन-चैत्रात पहाटे मोहाची फुले गळतात. शिरपूर, चोपडा, यावल, अक्कलकुवा, धडगाव या पट्ट्यात बाया आणि मुले उजाडायच्या आत टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. भिल्ल, पावरा यांच्याबरोबर आमचे तडवी बांधवही या झाडाचे सोबती; तडवी भिल्ल धर्माने मुसलमान आहेत आणि मोह त्यांच्या रानातला आहे. फूल रसाळ, साखरेने भरलेले. वाळले की मनुकेसारखे दिसते, आणि वास जुन्या गुळाचा, मनुकेचा, थोडा कस्तुरीसारखा उग्र. दुष्काळात या फुलांनी माणसे जगवली आहेत. भाजून खातात, भाकरीत घालतात, गुरांना देतात, बियांचे तेल काढतात. दारू हा त्याचा एक उपयोग. फुले पाण्यात घालून काही दिवस आंबवतात, मग मडक्यात शिजवून वाफ नळीतून थंड करतात. लग्नात, होळीत, मयतीत ती लागते. काही थेंब आधी धरतीला आणि पूर्वजांना द्यायचे, मग माणसांनी घ्यायची.

कोणत्या झाडाची फुले, किती वाळली, किती दिवस आंबली, कोणत्या लाकडाची आच, धार कुठे तोडली, या सगळ्यांनी तिच्यात फरक पडतोच. काढणाऱ्या बाईला तो कळतो. आपल्याला कळत नाही, कारण आपण तिला कधी विचारलेच नाही. 'पहिल्या धारेची' हा एक शब्द तेवढा आपण उचलला, आणि तोही चेष्टेसाठी. केंटकीच्या भट्टीवाल्याच्या विद्येवर पुस्तके निघतात. आपल्याकडे त्याच विद्येच्या नावाने पंचनामा निघतो.

हे आपोआप घडलेले नाही. इंग्रजांनी १८७८ साली मुंबई अबकारी कायदा केला आणि गावोगावच्या भट्ट्या बंद करून दारू सरकारी देखरेखीखालच्या मोठ्या भट्ट्यांकडे नेली. हेतू महसुलाचा होता. घरची दारू त्या दिवसापासून गुन्हा ठरली आणि ठेकेदाराची दारू कायदेशीर. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा आला. तो महाराष्ट्रात आजही आहे आणि त्यात मोहाच्या फुलांवरही नियंत्रण आले. फूल गोळा करणारी बाई कायद्याच्या नजरेत संशयित झाली. चोरून काढायची वस्तू झाल्यावर चव, वास, प्रत यांचा विचार कोण करणार? घाईने काढायची, नवसागर घालून जोर आणायचा आणि विकून मोकळे व्हायचे. पुढे तर फुलेही गेली आणि नुसता काळा गूळ आणि नवसागर उरला.

एवढ्यावर थांबलो तर मी अर्धेच बोललो असे होईल. मोहाचे कौतुक शहरातल्या माणसाने करणे सोपे आहे. १९७२ च्या दुष्काळात शहादा परिसरात भूमिहीन भिल्लांची चळवळ उभी राहिली. तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा १९९८ साली वेगळा झाला. अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटना यांनी जमिनीचा आणि मजुरीचा प्रश्न घेतला होता. पण त्या चळवळीतल्या आदिवासी बायांनी स्वतःहून एक प्रश्न पुढे आणला. मजुरी वाढली तरी ती दारूत जाते आणि मार आम्ही खातो. त्या गावोगाव गेल्या आणि त्यांनी दारूची मडकी फोडली. ही मडकी फोडणारी बाई आणि पहाटे फुले वेचणारी बाई एकच होती. तिला मोहाचा वास माझ्यापेक्षा चांगला कळत होता आणि त्याची किंमतही.

म्हणून "मोहाला मान द्या" आणि "दारू बंद करा" या दोन घोषणांत मला एकीचीच निवड करता येत नाही. बर्बनचा इतिहास मात्र इथे थोडा उपयोगी पडतो. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतही व्हिस्कीत रंग, तंबाखूचे पाणी, काय वाटेल ते मिसळत. १८९७ साली तिथे कायदा झाला. एकाच भट्टीची, एकाच हंगामातली, सरकारी पहाऱ्यात किमान चार वर्षे मुरलेली, ५० टक्के अल्कोहोलची, असे असेल तरच 'बॉटल्ड इन बाँड' हा शिक्का. पिणाऱ्याला काय पितो ते कळू लागले. पुढे १९२० ते १९३३ सरसकट दारूबंदी झाली, तेव्हा दारू संपली नाही, विषारी मात्र झाली. आपल्याकडे २०१५ साली मुंबईत मालवणीला मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभरावर माणसे मेली. त्यात ना मोह होता, ना मका. ते निव्वळ विष होते आणि गरिबाच्या पेल्यात होते.

आता वारा बदलतो आहे. २०१८ साली गोव्याच्या बाजारात मोहाची बाटलीबंद दारू आली. मध्य प्रदेशाने २०२२ साली तिला 'हेरिटेज' म्हणत धोरण आखले. नर्मदेपलीकडच्या अलीराजपूर जिल्ह्यात ती आदिवासी बचत गटाने गाळली. आपल्या डहाणूच्या एका कारखान्यानेही २०२४ मध्ये मोहाचे मद्य बाजारात आणले. उद्या पुण्या-मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत मोहाचे तीन पेले मांडून कोणी नवखा फरक ओळखायला बसेल. बसू दे. त्या वेळी वेचणाऱ्या बाईला फुलाचा भाव काय मिळतो आणि तिच्या गावात तिचा शब्द चालतो का, हे दोन प्रश्न मला विचारायचे आहेत.

दोन्ही प्रश्नांची किल्ली एकाच कायद्यात आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला गौण वनोपजाची मालकी दिली, आणि त्याच कलमात मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा त्यांच्या विक्रीवर बंधन आणण्याचा अधिकारही दिला. एका हाताने फूल दिले, दुसऱ्या हाताने मडके फोडण्याचा हक्क दिला. आपल्या धुळे, नंदुरबार आणि जळगाव जिल्ह्यांतली पुष्कळ गावे या कायद्यात येतात. बाकीच्या महाराष्ट्रात बाया मतदान करून 'आडवी बाटली' करतात, तेव्हा परवान्याचे दुकान बंद होते, हातभट्टी नाही. ग्रामसभेचा अधिकार त्याहून खोलवर जातो. तो वापरायचा तर ग्रामसभेत बाया पुढे बसल्या पाहिजेत, दाराशी नव्हे.

त्या मुलाला मी शेवटी एवढेच म्हणालो, की तुलना करायला शिकलास हे चांगले झाले. आता एका चैत्रात तुझ्याच तालुक्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्यात जा. बाटली नेऊ नकोस. पहाटे झाडाखाली उभा राहा, वाळत घातलेल्या फुलांचा वास घे आणि वेचणाऱ्या मावशीला विचार, या झाडाच्या आणि त्या झाडाच्या फुलांत फरक काय. ती सांगेल. आणि गावात दारू असावी की नसावी, हेही तिलाच विचार. दोन्ही उत्तरे ऐकून घेतलीस, तर मोहाची थोडी पारख तुला आली असे मी म्हणेन.