मुसळ मंगळवारीही उभं राहतं
(स्नेहमेळाव्यातल्या भाषणाचं लेखी रूप)



संयोजकांनी मला फोन केला तेव्हा सांगितलं होतं, "तू आयटीत आहेस, कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोल." त्या विषयावर बोलणारे सध्या गल्लोगल्ली आहेत, म्हणून मी विषय बदलून मागितला. पोटापाण्यासाठी मी सॉफ्टवेअर लिहिते. पण गेली पाचेक वर्षं रात्रीची जेवणं झाल्यावर आणि रविवारी सकाळी मी आणखी एक काम करते. मराठीतून विज्ञानावर लिहिणारी माणसं शोधायची, त्यांची एकमेकांशी गाठ घालून द्यायची आणि ती लिहीत राहतील असं बघायचं. आम्ही सगळे इंटरनेटवरच भेटतो. तीस-पस्तीस जण आहोत, त्यातल्या निम्म्यांना मी अजून प्रत्यक्ष पाहिलेलं नाही.

याची सुरुवात आपल्याच बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर झाली, हे बऱ्याच जणांना आठवत असेल. २१ जून २०२० ला सूर्यग्रहण होतं. लॉकडाऊनचे दिवस, सगळे घरी, हातात फोन. परातीत पाणी घेऊन त्यात उभं केलेल्या मुसळाचा व्हिडिओ ग्रुपवर आला. ग्रहण लागलं की मुसळ आपोआप उभं राहतं आणि सुटलं की पडतं, असा दावा. तासाभरात ग्रुपचे दोन तट पडले. एकीकडे "आमची आजी खोटं बोलत होती का?" आणि दुसरीकडे "शिकून काय उपयोग झाला तुमचा?" दोन्ही बाजू तितक्याच निरुपयोगी होत्या. मंगळवारी आपल्यातल्याच एकाने, तो शेती करतो, अंगणात मुसळ उभं केलं आणि फोटो टाकला. खाली एवढंच लिहिलं: "आज कुठलं ग्रहण?"

ग्रुप शांत झाला. पण मला ते तेवढ्यावर सोडवेना, कारण मुसळ उभं का राहतं हे अजून कोणी सांगितलंच नव्हतं. मुसळाचं खालचं टोक सपाट असतं, बहुतेक वेळा त्याला लोखंडी कडं असतं. गुरुत्वमध्यातून सोडलेली उभी रेषा त्या छोट्याशा बुडाच्या आत पडली की मुसळ उभं राहतं, बाहेर गेली की पडतं. मुसळ उंच आणि बूड लहान, म्हणून हात स्थिर हवा आणि धीर हवा. ग्रहणाच्या दिवशी लोक तो धीर धरतात, एरवी कोण मुसळाशी खेळत बसतं? मी त्या मित्राला म्हटलं, "हे लिहून काढ." तो म्हणाला, "मला लिहिता येत नाही." मी म्हटलं, "मग बोल." त्याने सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवला, मी तो उतरवून काढला आणि आमचा पहिला लेख तयार झाला. लेखावर नाव त्याचं आहे आणि ते योग्यच आहे.

विज्ञान मराठीत आणणारे आपण काही पहिले नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केलं १८३२ साली आणि 'दिग्दर्शन' हे मासिक १८४० साली. पुण्यातून 'सृष्टिज्ञान' १९२८ पासून निघत आलं. मराठी विज्ञान परिषद १९६६ साली स्थापन झाली. परिषदेने घेतलेल्या विज्ञानकथा स्पर्धेत १९७४ साली जयंत नारळीकरांनी 'नारायण विनायक जगताप' अशा टोपणनावाने कथा पाठवली होती. आपल्या मोठ्या नावाचा परीक्षकांवर परिणाम होऊ नये म्हणून. त्या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. जगप्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञसुद्धा मराठीत लिहायला लागला तो कोणीतरी स्पर्धा मांडली होती म्हणून, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. लिहिणारे असतातच, त्यांना कोणीतरी विचारावं लागतं.

आम्ही 'लेखक हवेत' अशी जाहिरात एकदा केली होती. तिला प्रतिसाद म्हणून कविता आल्या. तेव्हापासून आम्ही लेखक शोधत नाही, माहीतगार माणूस शोधतो आणि त्याला एकच प्रश्न विचारतो. पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्याला विचारतो, "रक्त घेताना वेगवेगळ्या रंगांच्या झाकणांच्या बाटल्या का?" वीज मंडळातल्या वायरमनला विचारतो, "तारेवर बसलेला पक्षी का मरत नाही, आणि वटवाघूळ का मरतं?" तो हसून दहा मिनिटं बोलतो. एकाच तारेवर बसलं तर वीज अंगातून जात नाही. पंख पसरून दुसऱ्या तारेला लागले की जाते. झाला लेख.

लेख आला की दोघे जण तो वाचतात. ही पद्धत मी माझ्या नोकरीतून उचलली. आमच्याकडे कुणीही लिहिलेला कोड दुसऱ्याने वाचल्याशिवाय पुढे जात नाही, मग लिहिणारा वीस वर्षांचा अनुभवी असो. त्यात कुणाला अपमान वाटत नाही. मराठीत मात्र "तुमचा लेख जरा तपासतो" म्हटलं की माणूस दुखावतो! पहिलं वर्ष आम्ही रुसवे काढण्यातच घालवलं. दोन वाचकांपैकी एक त्या विषयातला जाणकार असतो. दुसरा मुद्दाम विषयातलं काहीच न कळणारा निवडतो, आणि खरं सांगायचं तर जास्त उपयोग त्याचाच होतो. तो काही सुधारत नाही, फक्त जिथे अडखळला तिथे पिवळी खूण करतो. आमचे सर्वांत चांगले 'न कळणारे' वाचक म्हणजे एक किराणा दुकानदार आणि एक आठवीतली मुलगी.

जाणकाराचं उदाहरण सांगते. शून्य सावलीवर एक छान लेख आला होता. सूर्य रोज दुपारी डोक्यावर येतो असं आपण सहज म्हणतो, पण तो बरोबर डोक्यावर येतो वर्षातून फक्त दोनदा, आणि तेही कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामधल्या गावांतच. आपला सगळा महाराष्ट्र त्या पट्ट्यात आहे. कोल्हापुरात साधारण ६ मेला, पुण्यात १३ मेच्या आसपास, मुंबईत १५-१६ मेला, नागपुरात २६ मेच्या सुमारास. दुसरी तारीख जुलै-ऑगस्टमध्ये येते, पण तेव्हा आभाळ भरलेलं. लेखात शेवटी लिहिलं होतं, "दुपारी १२ वाजता काठी रोवून बघा." रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका शिक्षकांनी तिथे खूण केली आणि विचारलं, "बारा वाजता कुठे? आमच्याकडे साडेबारा होऊन जातात." बरोबर होतं त्यांचं. आपलं घड्याळ चालतं ८२.५ अंश रेखांशावर, तो रेखांश मिर्झापूरजवळून जातो. सूर्य कोकणात तिथल्यापेक्षा अर्ध्या तासाहून जास्त उशिरा माथ्यावर येतो. मे महिन्यात नागपुरात बारा वाजून दहा-अकरा मिनिटांनी, मुंबईत बारा पस्तीसच्या सुमारास. लेख तसाच गेला असता तर शेकडो मुलांनी उन्हात काठी रोवली असती, सावली दिसली असती आणि त्यांना वाटलं असतं की विज्ञानवाले असंच काहीबाही सांगतात.

शब्दांवरून भांडणं होतात ती वेगळीच. प्रकाशाचा किरण पाण्यात शिरताना वाकतो त्याला जुन्या पुस्तकांत वक्रीभवन म्हणत, आज दहावीच्या पुस्तकात अपवर्तन म्हणतात आणि मराठी विश्वकोशात प्रणमन म्हटलंय. तिन्ही शब्दांचे कैवारी आमच्यात आहेत. तीन आठवडे चर्चा चालली. शेवटी ठरलं की पाठ्यपुस्तकातला शब्द घ्यायचा, कारण वाचणाऱ्या मुलाच्या दप्तरात तो आहे. मला स्वतःला वक्रीभवनच आवडतं. ऐकलं की डोळ्यांसमोर वाकलेली रेघ येते.

आता ज्यासाठी मी वेळ मागून घेतला ते सांगते.

आमच्यात एक सिस्टर आहेत. वीस वर्षं सरकारी दवाखान्यात काढलेल्या. पावसाळ्याच्या तोंडावर त्यांनी सर्पदंशावर लेख लिहिला. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चार सापांच्या विषावर दवाखान्यात मिळणारं इंजेक्शन चालतं, ते घोड्याच्या रक्तापासून बनवतात, मुंबईच्या हाफकिनमध्येही बनतं. चावलेल्या जागेच्या वर आवळून काही बांधू नका. ब्लेडने चिरू नका. तोंडाने विष ओढू नका. हात किंवा पाय फळीला बांधून हलणार नाही असा ठेवा आणि थेट दवाखाना गाठा. साधा, स्वच्छ लेख. तो खूप फिरला, आम्ही खूश होतो.

महिनाभराने तो परत आमच्याकडेच आला. वरचा अर्धा भाग तसाच, वर सिस्टरांचं नावही तसंच. खालचा दवाखान्याचा भाग कुणीतरी काढून टाकला होता आणि त्याजागी लिहिलं होतं की अमुक मुळीचा लेप लावून दोन तास वाट बघावी. सिस्टरांना रात्री-अपरात्री फोन यायला लागले: ती मुळी कुठे मिळते? सर्पदंशात दोन तास म्हणजे काय, हे त्यांनी वॉर्डात डोळ्यांनी पाहिलेलं. त्यांनी गटात लिहिलं, "माझे सगळे लेख काढून टाका. मला हे पाप नको."

तक्रार करायची म्हटलं तर कुणाकडे करणार? फॉरवर्ड झालेल्या मजकुराला घर नसतं. कोणी बदलला, कधी बदलला, कळायला मार्ग नाही. दोन दिवस आम्ही बोललो. एक जण म्हणाला, लोकांना लांब वाचवत नाही म्हणून ते कापतात, तर कापलेला लेख आपणच देऊ. तेव्हापासून प्रत्येक लेखाबरोबर आम्ही दहा ओळींचा छोटा मजकूर करतो. त्यात सर्वांत महत्त्वाची गोष्ट पहिल्या ओळीत असते, कारण कात्री नेहमी शेपटाला लागते. सर्पदंशाच्या मजकुराची पहिली ओळ आता आहे, "आधी दवाखाना." शिवाय तारीख आणि पूर्ण लेख कुठे आहे तो पत्ता.

सिस्टर त्यावरही राजी नव्हत्या. त्यांची अट वेगळी होती. त्या म्हणाल्या, "पत्ता दिलात, पण त्या पत्त्यावर गेल्यावर कोणी दार उघडणार आहे का?" म्हणून आम्ही पाळी लावली. दर आठवड्याला दोघे जण. आलेला प्रत्येक प्रश्न वाचायचा, ज्याला उत्तर माहीत आहे त्याच्याकडून ते मिळवायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत कळवायचं. सिस्टर थांबल्या. पुढच्याच पावसाळ्यात एका शेतमजुराचा प्रश्न आला: मण्यार चावल्याची खूण दिसत नाही म्हणता, दुखतही नाही म्हणता, मग ओळखायचं कसं? लेखात हे नव्हतंच. सिस्टरांनी त्याच रात्री नवा परिच्छेद लिहिला. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट दुखतंय म्हणून उठला, पापण्या जड होऊन मिटायला लागल्या, गिळता येईना, तर खूण शोधत बसू नका, निघा. आणि पावसाळ्यात शक्यतो खाटेवर, मच्छरदाणी नीट खोचून झोपा. लेखातला सर्वांत कामाचा भाग आज तोच आहे, आणि तो एका वाचकाने लिहवून घेतलाय.

ही पाळी हेच आमचं खरं काम, असं माझं मत झालंय. लेख काय, एकटा माणूसही लिहितो. पण दार उघडायला रोज कुणीतरी लागतं, आणि तिथेच आता ओढाताण आहे. दोघांच्या बदल्या झाल्या, एकीला जुळी झाली, एक सर आजारी आहेत. यंदा मार्चपासून चार माणसं सगळी पाळी ओढताहेत आणि त्यातली एक मी आहे. पाळी बंद पडली तर सिस्टर आपले लेख काढून घेतील. तसं त्यांनी स्पष्ट सांगितलंय आणि मी त्यांना दोष देणार नाही.

आपल्या वेळी शाळेचं हस्तलिखित निघायचं. अक्षर चांगलं असलेले लिहायचे, चित्रकला येणारे नक्षी काढायचे, आणि ज्यांना दोन्ही येत नव्हतं त्यांना बाई पानं मोजायला बसवायच्या. पानं मोजणारे नसते तर मधलं पान उलटं शिवलं गेलं असतं! मला आज पानं मोजणारे हवे आहेत. विज्ञान यायला पाहिजे असं नाही. महिन्यातून एक आठवडा, दिवसाला अर्धा तास, प्रश्न वाचायचे आणि योग्य माणसाकडे पोचवायचे.

आणि एक नेमकं काम. विहिरीचं पाणी उन्हाळ्यात खारट का लागतं, यावरचा लेख अर्धवट पडलाय. लिहिणारा भूगर्भशास्त्रातला आहे, त्याला वाटतं सगळं सोपं लिहिलंय. मी त्याच्या चार प्रती छापून आणल्यात. पेनंही आहेत, पिवळी. जेवण झालं की मी दहावी 'ब'च्या वर्गात, खिडकीजवळच्या बाकावर बसते आहे. ज्यांच्या घरी विहीर आहे त्यांनी आधी यावं.