खोकला ते निदान: वाटेतला उशीर



१८९४ साली विल्यम वानलेस यांनी इथे मिरजेत रुग्णालय सुरू केले आणि या नगरीला दवाखान्यांचे गाव अशी ओळख मिळाली. या क्षय परिषदेसाठी सांगलीहून येणाऱ्यांना वाटेत वानलेसवाडी लागली असेल. क्षयावर औषध नव्हते त्या काळात तिथल्या आरोग्यधामात मोकळी हवा, विश्रांती आणि सकस अन्न एवढ्याच भरवशावर रुग्ण राहत.

आपल्या डॉ. आनंदीबाई जोशी १८८७ साली क्षयाने गेल्या, तेव्हा त्यांना बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. रॉबर्ट कॉख यांनी या रोगाचा जंतू शोधल्याचे १८८२ मध्येच जाहीर केले होते, पण औषध यायला आणखी अर्धशतकाहून अधिक काळ जायचा होता. आज साधा क्षय सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांचा बरा होतो. म्हणूनच निदानाला होणारा उशीर मला सहन होत नाही. दोन आठवड्यांवर गेलेला खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम, उतरत चाललेले वजन, कधी बेडक्यातून रक्त हे सगळे घरच्यांना दिसत असते. पण आधी खोकल्याच्या औषधाची एक बाटली येते, ती संपली की दुसरी. तोवर त्याच खोलीत नातवंडे झोपत असतात.

मी डॉक्टर नाही. पण बेडक्याच्या डबीवर किती गोष्टी अवलंबून असतात, हे मला या परिषदेच्या तयारीत कळले. सकाळी उठल्यावर चूळ भरायची, खोल श्वास घ्यायचा आणि छातीतून खोकून बेडका काढायचा. डबीत नुसती लाळ आली तर तपासणी वाया जाते. शिवाय सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला एका मिलिलिटरमध्ये ते हजारोंनी असावे लागतात, त्यामुळे तो अहवाल निगेटिव्ह आला तरी निर्धास्त होता येत नाही. सीबीनॅट आणि गोव्यातल्या कंपनीने तयार केलेले ट्रूनॅट ही यंत्रे त्याहून कमी जंतूही पकडतात, आणि क्षयावरचे मुख्य औषध रिफाम्पिसिन लागू पडेल की नाही हे काही तासांत सांगतात. रक्तातल्या अँटिबॉडी बघून क्षयाचे निदान करणाऱ्या चाचण्यांवर मात्र आपल्या देशात २०१२ पासून बंदी आहे, हे अजून पुष्कळांना ठाऊक नाही.

जंतू अंगात शिरला म्हणून प्रत्येक जण आजारी पडत नाही. कुपोषण, मधुमेह, एचआयव्ही, तंबाखू, दारू यांनी शरीर खचले की तो उसळतो. यातले कुपोषण मला सर्वांत जिव्हारी लागते. झारखंडमध्ये रुग्णांच्या घरच्यांना जादा शिधा देऊन एक अभ्यास झाला. शिधा मिळालेल्या घरांत इतरांना क्षय होण्याचे प्रमाण सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी आढळले. २०२३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रुग्ण सापडला की त्याच्या घरातल्या प्रत्येकाची तपासणी आणि त्या घरातल्या डब्यांत धान्य किती आहे याची चौकशी, दोन्ही एकाच फेरीत व्हायला हवे.

अशा फेऱ्यांसाठी घरोघरी जाणाऱ्या आशाताईंसाठी सभागृहातल्या पहिल्या दोन रांगा राखल्या आहेत. उशीर नेमका कुठे होतो, हे त्यांनी उंबऱ्यात उभे राहून पाहिले आहे. प्रत्येक चर्चासत्रात आधी त्यांना बोलू द्यावे, ही स्वागत समितीची सर्व डॉक्टरांना कळकळीची विनंती आहे.