फुलांच्या वेलीतली सूचना
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत. भाषणाची सवय नाही, तेव्हा चुकले तर सांभाळून घ्यावे. पण एक कबुली द्यायची आहे, म्हणून उभी राहिले.

आमच्या वन्संना दिसत नाही. तरी व्हॉट्सॲप त्या आपल्याइतकेच वापरतात. त्यांच्या फोनवर 'टॉकबॅक' चालू असते. काचेवर बोट फिरवले की बोटाखाली जे असेल ते फोन बोलून दाखवतो. दोनदा टिचकी मारली की ते उघडते. तो इतका भरभर बोलतो की मला काही उमजत नाही, त्यांना सारे उमजते!

गेल्या संक्रांतीला हळदीकुंकवाची जागा ऐन वेळी बदलली. सूचना मीच लिहिली. माझे अक्षर बरे आहे असे सगळ्या म्हणतात, म्हणून हाताने लिहून, भोवती फुलांची वेल काढून, तिचा फोटो ग्रुपवर टाकला. वन्संचा फोन नुसता "फोटो" एवढेच बोलला. हल्ली काही फोन फोटोतली छापील अक्षरे वाचतात म्हणे, पण माझ्या वेलबुट्टीपुढे त्यांचे काय चालणार! वन्सं शेंगाचटणीचा डबा घेऊन जुन्याच जागी गेल्या आणि बंद दारापुढे पायरीवर तासभर बसून राहिल्या. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. तेच जास्त लागले.

हा प्रश्न दिल्लीपर्यंत गेलेला आहे. ॲसिडहल्ल्यात चेहरा व डोळे जळालेल्या भगिनींना बँकेच्या कामासाठी फोनसमोर पापण्या मिटून-उघडून दाखवायला सांगत. पापण्याच उरल्या नाहीत, तर दाखवायचे काय? ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, अशा सोयी सर्वांना वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे.

आपल्याला कोर्ट नको. फोटो खुशाल टाका, पण खाली दोन ओळी लिहा: कुठे, केव्हा, काय. टाइप करणे जमत नसेल तर कीबोर्डवरचे माइकचे चित्र दाबून बोला, फोनच लिहितो. वाण लुटतानाचा फोटो असला तर कोण कोण आहे, कोणी कुठली साडी नेसली आहे, तेही सांगा. वन्संना साड्यांची भारी हौस! आणि ऐकू न येणाऱ्या भगिनींसाठी पाककृतीच्या व्हिडिओखाली साहित्य व कृती लिहा.

आजच्या कार्यक्रमाची सूचना मी साध्या अक्षरांत टाइप करून पाठवली. पहिले उत्तर वन्संचे आले, "वहिनी, चटणी किती किलो करू?"