घरच्या संगणकातला ट्रोजन
(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



संयोजक मैत्रिणी म्हणाल्या, संगणकावर बोल. मी म्हटले, मी काही इंजिनिअर नाही. त्या म्हणाल्या, म्हणूनच बोल. तेव्हा माझ्या घरी घडले तेच सांगते.

आमच्या गटाला स्वतंत्र कार्यालय नाही. माझ्या घरच्या बाहेरच्या खोलीत एक संगणक आहे, तेच कार्यालय. मुलगा त्यावर अभ्यास करतो, नवरा वीजबिल भरतो, आणि त्याच संगणकात आमच्या सल्ला केंद्रात आलेल्या बायकांच्या नोंदी. नाव, सासर कुठले, तक्रार काय, आणि सध्या ती कुणाकडे राहते आहे. यातले शेवटचे लक्षात ठेवा. पुढची सगळी धावपळ त्याच्यापायी झाली.

अंकाची पाने लावायला एक महागडे सॉफ्टवेअर हवे होते. परवडेना. कुणीतरी पेन ड्राइव्हवर त्याची फुकट प्रत आणून दिली. सोबत सूचना : 'आधी अँटिव्हायरस बंद करा, नाहीतर चालणार नाही.' मी केला बंद. पाने सुरेख लागली. तीन आठवड्यांनी एका मैत्रिणीचा फोन. "अगं, रात्री दोन वाजता मला कसली फाईल पाठवलीस?" रात्री दोनला मी गाढ झोपेत होते. संगणक उघडून पाहिले, तर अँटिव्हायरस अजून बंदच. चालू करावा, तर दोन मिनिटांत आपोआप बंद.

याला ट्रोजन म्हणतात. ग्रीकांच्या गोष्टीतला लाकडी घोडा तुम्ही ऐकला असेल. ट्रॉयच्या लोकांनी तो आपल्या हातांनी ओढत गावात नेला आणि पोटातले सैनिक रात्री बाहेर पडले. आपल्याकडे पूतना मावशी म्हणतात तसेच. (कपटाला बाईचे रूप द्यायची पुराणांची खोड तूर्त बाजूला ठेवू.) व्हायरस आपल्या प्रती काढत पसरतो, ट्रोजन कामाची वस्तू म्हणून येतो आणि दार आपणच उघडतो. हे नवेही नाही. १९८९ साली एड्सविषयी माहिती म्हणून सुमारे २० हजार फ्लॉपी टपालाने लोकांना पाठवल्या गेल्या. संगणक नव्वदएक वेळा सुरू झाला, की फाईलींची नावे बिघडायची आणि पडद्यावर मागणी यायची : १८९ डॉलर पनामाच्या पत्त्यावर पाठवा. माणसाच्या भीतीवर आणि गरजेवर हा धंदा तेव्हापासून चालतो.

आता काढला कसा ते.

पहिली गोष्ट, इंटरनेटची वायर उपटली, वायफाय बंद केले. ट्रोजनचा मालक बाहेर बसून हुकूम सोडत असतो. रस्ता तोडला की तो आंधळा होतो. दुसरी गोष्ट, त्या संगणकावर एकही पासवर्ड टाकला नाही. टाइप केलेले प्रत्येक अक्षर टिपून बाहेर पाठवणारे ट्रोजन असतात, तेव्हा तिथेच बसून नवा पासवर्ड ठरवणे म्हणजे चोरासमोर कुलूप बदलणे. शेजारणीच्या लॅपटॉपवरून आधी ईमेलचा बदलला, मग बँकेचा. ईमेलचा आधी का? कारण बाकी सगळ्यांचे पासवर्ड ईमेलवरूनच नव्याने मिळवता येतात. शिवाय सगळ्या ठिकाणांहून 'साइन आउट' केले आणि दुसऱ्या टप्प्याची तपासणी सुरू केली, म्हणजे पासवर्ड कळला तरी आणखी एक खूण मागितली जाते. आणि ईमेलच्या सेटिंगमध्ये जाऊन आपली पत्रे परस्पर दुसऱ्या पत्त्यावर वळवली आहेत का ते पाहिले. हे पाहायचे बहुतेकींच्या ध्यानात येत नाही.

मग साफसफाई. विंडोज १० आणि ११ मध्ये 'विंडोज सिक्युरिटी' असते. त्यात 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन', तिथे 'स्कॅन ऑप्शन्स', आणि सर्वांत खाली 'ऑफलाइन स्कॅन'. हा महत्त्वाचा. नेहमीच्या तपासणीत ट्रोजनही जागा असतो आणि लपू शकतो. ऑफलाइन तपासणीत संगणक बंद होऊन विंडोज उठण्याआधीच शोध सुरू होतो, पंधराएक मिनिटे लागतात. आमच्याकडे त्यात दोन गोष्टी सापडल्या. दुसरे मत म्हणून शेजारणीच्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टचा 'सेफ्टी स्कॅनर' उतरवून पेन ड्राइव्हने आणला. तो फुकट आहे, पण दहा दिवसांनी निकामी होतो, म्हणून दर वेळी ताजा घ्यायचा. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रावरही मोफत साधने मिळतात. याने आणखी एक सापडला.

भाची म्हणाली, मावशी, तीन सापडले, चौथा नाही कशावरून? याला उत्तर नव्हते. परका माणूस तीन आठवडे घरात हिंडून गेल्यावर त्याने कुठकुठल्या खिडक्यांच्या कड्या काढून ठेवल्या, हे झाडू मारून कळत नाही. म्हणून विंडोज पुसून नव्याने टाकायचे ठरले. आधी लेख, फोटो, नोंदी वेगळ्या डिस्कवर घेतल्या. फक्त कागदपत्रे, एकही प्रोग्रॅम नाही, ती फुकट प्रत तर नाहीच. विंडोज फाईलच्या नावाचे शेपूट लपवते, ते आधी 'व्ह्यू'मध्ये जाऊन उघडे करा. 'नोटीस.पीडीएफ' म्हणून जे दिसते त्याच्यापुढे कधी कधी 'ईएक्सई' दडलेले असते, म्हणजे तो कागद नसून प्रोग्रॅम. नव्या विंडोजसाठी आठ जीबीचा पेन ड्राइव्ह दुसऱ्या, स्वच्छ संगणकावर तयार करावा लागतो. त्यावरचे सगळे पुसले जाते. माझे सहलीचे फोटो तसेच गेले. विंडोज १० चे मोफत अद्ययावतीकरण १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले, तेव्हा जुना संगणक असेल तर हा प्रश्न आजच हाती घ्या.

यंत्राचे काम दोन दिवसांत झाले. अवघड होते ते पुढेच. सतरा जणींच्या नोंदी त्या संगणकात होत्या. त्या कुणी पाहिल्या का, सांगता येत नव्हते. गटात भांडण झाले. काहीजणी म्हणाल्या, उगाच कशाला घाबरवायचे? मला ते पटले नाही. ती माहिती आमची नव्हती. एकेकीला फोन केले, काहींना भेटून सांगितले. बहुतेकींनी ऐकून घेतले. एकीने राहण्याची जागा बदलली. आणि एकजण म्हणाली, "ताई, मी तुम्हाला सांगितलं होतं, संगणकाला नाही." मी काही बोलले नाही.

इथे एक गोष्ट थांबून सांगते, कारण आज सल्ला केंद्रावर बसणाऱ्या पुष्कळजणी समोर आहेत. आमचा ट्रोजन कुणा अनोळखी चोराचा होता असे आम्ही धरले. पण बाईच्या संगणकात किंवा फोनमध्ये पाळतीचा प्रोग्रॅम नवऱ्याने टाकला असेल, तर मी सांगितले ते घाईने करू नका. काढला की त्याला लगेच कळते, आणि चवताळलेला माणूस काय करील ते तुम्हाला मी सांगायला नको. पुरावाही जातो. तिच्या सुरक्षिततेची सोय आधी; बोलणी दुसऱ्याच्या फोनवरून; पडद्याचे फोटो दुसऱ्या कॅमेऱ्याने; मग वकील. परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकात शिरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. 'नवरा आहे' म्हणून त्यातून सूट नाही. पैसे गेले असतील तर १९३० वर तत्काळ फोन करा.

आणि चळवळीतल्या लोकांना हे कोण कशाला करील, असे कुणाला वाटत असेल तर भीमा कोरेगाव प्रकरण आठवा. आरोपी रोना विल्सन यांचा लॅपटॉप तपासणाऱ्या आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकी कंपनीने फेब्रुवारी २०२१ मध्ये अहवाल दिला. ओळखीच्या खात्यावरून आलेल्या ईमेलमधली फाईल २०१६ साली उघडली गेली, 'नेटवायर' हा ट्रोजन आत शिरला आणि त्याच वाटेने कागदपत्रे पेरली गेली, असे त्यात म्हटले आहे. तपास यंत्रणेने ते नाकारले. वाद न्यायालयाचा आहे, पण फाईल उघडायची रीत आपली आहे. ओळखीच्या नावाने अचानक काही आले, तर आधी फोन करून विचारा. मला फोन करणारी ती मैत्रीण ते करायला विसरली नाही म्हणून तिचा संगणक वाचला.

आता आमच्याकडे नोंदीत नावाऐवजी क्रमांक असतो. कुठल्या क्रमांकाची कोण, ते कपाटातल्या वहीत. नोंदींची प्रत वेगळ्या डिस्कवर, आणि ती डिस्क संगणकाला सतत जोडून ठेवायची नाही. मुलाचे खाते वेगळे केले. त्याने खूप कुरकुर केली. आणि पाने लावायला स्क्रायबस नावाचे मोफत, राजरोस सॉफ्टवेअर घेतले. युनिकोड देवनागरी त्यात चालते. शिकायला वेळ लागतो. मागचा अंक त्यावरच लावला, मुखपृष्ठालाच दोन रात्री गेल्या.