संशोधनाचे मोल आणि संदर्भांची मोजदाद



वैद्यकीय संशोधकाची योग्यता कशी ठरवावी, हा प्रश्न निवड समित्यांपुढे वारंवार येतो. त्याने किती शोधनिबंध प्रसिद्ध केले आणि इतर संशोधकांनी त्यांचा किती वेळा संदर्भ दिला, हे दोन आकडे पाहून बहुधा निर्णय होतो. दुसऱ्या आकड्याची पद्धतशीर सूची अमेरिकेतील युजीन गारफील्ड यांनी १९६० नंतरच्या दशकात सुरू केली. तिचा मूळ हेतू एका निबंधावरून दुसऱ्याचा माग काढणे हा होता. माणसे तोलण्याचा तराजू ती पुढे झाली.

हा तराजू काय दाखवितो आणि काय नाही, हे समजण्यास कलकत्त्याचे विकृतिशास्त्रज्ञ डॉ. शंभुनाथ डे यांचे उदाहरण पुरेसे आहे.

पटकीचा जिवाणू रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्यातच वेगळा केला होता. तो एखादे विष निर्माण करीत असावा, असा त्यांचा तर्क होता. परंतु पुढील पाऊणशे वर्षांत ते विष हाती लागले नाही. प्रयोगातील जनावरांना जिवाणू टोचले जात ते रक्तात किंवा पोटाच्या पोकळीत. रोग आतड्याचा, तर शोधही आतड्यातच घ्यावा, हा साधा विचार डे यांनी केला. १९५३ मध्ये चटर्जी या सहकाऱ्यासह त्यांनी सशाच्या लहान आतड्याचा एक भाग दोन्ही बाजूंनी दोऱ्याने बांधला आणि त्यात पटकीचे जिवाणू सोडले. दुसऱ्या दिवशी तो भाग द्रवाने टम्म फुगला होता. १९५९ मध्ये त्यांनी जिवाणू पूर्णपणे गाळून काढलेले द्रव त्याच रीतीने वापरले. परिणाम तोच झाला. विष आहे, आणि तेच आतड्यातून पाणी ओढून काढते, हे सिद्ध झाले. ‘नेचर’ नियतकालिकात छापलेला हा निबंध दोन पानांत मावला. त्याखाली नाव एकट्या डे यांचेच होते.

त्यानंतर काही वर्षे या निबंधाची फारशी दखल कोणी घेतली नाही. १९६९ मध्ये अमेरिकेत ते विष शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले आणि डे यांच्या कामाचे महत्त्व ठळक झाले. पण १९७३ मध्ये तर ते निवृत्तही झाले. १९७८ मध्ये नोबेल प्रतिष्ठानाने पटकीवरील परिसंवादासाठी त्यांना निमंत्रण दिले. नोबेल विजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी त्यांचे नाव त्या पारितोषिकासाठी सुचविले होते. स्वदेशातील एकाही विज्ञान अकादमीने मात्र त्यांना आपले सदस्यत्व दिले नाही. १९८५ मध्ये ते वारले. पुढच्याच वर्षी गारफील्ड यांनी आपल्याच सूचीच्या आधारे पटकी-संशोधनातील डे यांचे स्थान दाखविणारा लेख लिहिला. म्हणजे आकडे बोलले. पण ज्याच्याविषयी बोलायचे तो माणूस गेल्यावर!

याउलट, प्रथिनांचे प्रमाण मोजण्याची पद्धत सांगणाऱ्या लाउरी यांच्या १९५१ मधील निबंधाचे संदर्भ तीन लाखांवर गेले आहेत. पद्धत उपयुक्त खरीच. परंतु स्वतः लाउरी तिला आपले थोर कार्य मानीत नसत. रोज वापरात येणाऱ्या पद्धतीचा उल्लेख होत राहतो, तर पाठ्यपुस्तकात जिरून गेलेल्या शोधाचा होत नाही. आज जुलाबावर जलसंजीवनीची पुडी देणाऱ्या गावच्या सेविकेला डे यांचे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही. ती पुडी अनेकांच्या श्रमांचे फळ आहे. १९७१ मध्ये बोनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने असंख्य प्राण वाचविले. पटकीत शरीरातील पाणी का जाते, हे कोडे मात्र सशाच्या त्या बांधलेल्या आतड्याने उलगडले.

आपल्या विद्यापीठांतही २०१० च्या नियमांनी निबंधांवर गुण देण्याची रीत आली आणि पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके फोफावली. शिक्षकबंधूंना याविषयी मी अधिक सांगावयास नको. समित्यांनी उमेदवाराकडून त्याच्या पसंतीचे तीनच निबंध मागवावेत आणि ते त्या विषयाच्या जाणकाराकडून प्रत्यक्ष वाचून घ्यावेत, असे मला सुचवावेसे वाटते. यास वेळ लागतो, ही तक्रार मी ऐकली आहे. डे यांच्या निबंधाची पाने दोनच होती.